चिखलांतली शर्यत आणि टायरांची निवड

आमच्यासारख्या साठी उलटलेल्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारा जन्म रघुवंश व शब्दरूपावलि शिकविण्यांत घालविलेल्या मास्तरानें सायकलच्या टायरांवर लेख लिहावा, हें पाहून पुष्कळ वाचकांच्या भुंवया वर चढतील. परंतु हा विषय आम्हीं आपण होऊन शोधलेला नाहीं. तो घरांत चालून आला, आणि तोही अंगणभर चिखलाचे ठसे उमटवीत. एकत्र कुटुंबांत एका मुलाचा छंद त्याच्या एकट्याचा राहत नसतो. त्याच्या खर्चाची गोष्ट निघाली कीं सहा माणसांचीं सहा मतें पडतात, आणि तो कोठें आपटला तर सहाही माणसें रात्रभर जागतात. आमच्या घरीं गेल्या वर्षीं नेमकें हेंच झालें.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव अमरावतीस अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत आहेत. शिकवण्या करून त्यांनीं पैसे सांठविले व त्यांतून ‘ग्रॅव्हल बाइक’ नांवाची सायकल घेतली. ग्रॅव्हल म्हणजे बारीक खडी. दिसण्यांत ही सायकल शर्यतीच्या सायकलसारखी, मुठी खालीं वळलेल्या. पण तिचे टायर रुंद, ब्रेक चकतीचे, आणि टायराभोंवतीं सांगाड्यांत थोडी अधिक मोकळीक सोडलेली. डांबर, मुरूम आणि शेताची वाट या तिन्हींवर एकाच सायकलनें जातां यावें, या हेतूनें ती घडविलेली असते. या तिन्ही वाटा आमच्या महागांवास हाताशीं आहेत. गांवांतून नागपूर-तुळजापूर हा राष्ट्रीय महामार्ग जातो. त्यावरून थोडें बाजूला वळलें कीं मुरमाचा रस्ता, आणि तो संपला कीं पांदण. पांदण म्हणजे दोन्ही बाजूंस शेतांचे धुरे आणि मध्यें बंडीच्या चाकोऱ्या पडलेली वाट, हें आमच्या वऱ्हाडच्या वाचकांस सांगावयास नको. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठीं सांगून ठेवतों.

गेल्या वर्षीं श्रावणांत आमच्याच टापूंत कांहीं उत्साही तरुणांनीं शंभर किलोमीटरांची शर्यत भरविली होती. वाट बहुतेक मुरमाची, कांहीं डांबरी, आणि मधून मधून चार पांदणी. एका मोठ्या शहरांतील दुकानदारानें पुतण्यास सल्ला दिला, “चिखल आहे ना? मग सगळ्यांत मोठा टायर घाला.” पुतण्यानें सांगाड्यांत मावेल तेवढा मोठा, म्हणजे ४५ मिलिमीटर रुंदीचा, दाट नक्षीचा टायर घातला. बाविसाव्या किलोमीटरास दुसरी पांदण लागली आणि मागचें चाक हळूहळू फिरेनासें झालें. तरुण रक्त, त्यानें पायांचा जोर वाढविला. मागच्या चाकाशीं लोंबणारा, गिअर बदलणारा जो लहानसा सांगाडा असतो, ज्यास डिरेलर म्हणतात, तो चिखलानें जड झालेल्या साखळीबरोबर ओढला गेला, वांकला, आणि चाकाच्या तारांत शिरून तुटला. चिरंजीव डाव्या हातावर पडले. सायंकाळीं सायकल आणि स्वार दोघेही एका शेतकऱ्याच्या बंडींतून घरीं आले. मनगटाचें हाड मोडलें होतें. सहा आठवडे प्लास्टर, आणि डिरेलराचा खर्च निराळा. बंधूंनीं एक शब्द न बोलतां सायकल माळ्यावर टाकली.

या वर्षीं ज्येष्ठांत तो सुटींत आला, आणि तिसऱ्या दिवशीं जेवणाच्या पंक्तींत त्यानें विषय काढला. शर्यत पुन्हां श्रावणांतच होती. बंधू म्हणाले, “हाड एकदां जुळलें, दुसऱ्यांदा जुळेलच असें नाहीं.” पुतण्याची आई आमच्यासमोर फारशी बोलत नाहीं. तिनें स्वयंपाकघरांत आमच्या कुटुंबाजवळ एवढेंच म्हटलें, “ताई, तो पडला याचें मला वाटत नाहीं. कां पडला तें कोणाला कळलें नाहीं, याचें वाटतें.” हें वाक्य कुटुंबाकडून आमच्या कानीं आलें, आणि तें आम्हांस बरोबर वाटलें. कारण कळलें नसेल, तर परवानगी देणें आणि नाकारणें हीं दोन्ही सारखींच आंधळीं होतात. आम्हीं बंधूंस म्हटलें कीं, टायरांचा प्रश्न आमच्याकडे द्यावा. आमच्याच पांदणींत, या मुलाच्या आईच्या डोळ्यांदेखत, सायकल पार झाली तर परवानगी. नाहीं तर माळा आहेच.

आतां आम्हांस चिखलाचा अनुभव नाहीं असें नव्हे. नोकरींत असतांना आमची बदली तालुक्यांतील एका खेड्यांत झाली होती. तेथें जावयास पावसाळ्यांत पांदणीवांचून वाट नव्हती. आमची सायकल साधी, काळ्या रंगाची, घरोघर असे तसली. पहिल्या आषाढांतच एका वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस हटकलें, “मास्तर, मडगार्ड काढा. हे पावसाचे दिवस आहेत.” आम्हांस हें उलटें वाटलें. मडगार्ड चिखलासाठींच तर असतो! पण आठच दिवसांत अर्थ कळला. काळी माती टायरास चिकटते, टायराबरोबर वर जाते, आणि मडगार्डाच्या आंतल्या अंगास बसते. पुढच्या फेऱ्याला तिच्यावर आणखी थर. पन्नास-साठ पावलांत मडगार्ड भरतो आणि चाक जागचें हलत नाहीं. मग सायकल खांद्यावर, धोतर गुडघ्याच्या वर, आणि हातांत चपला, अशा थाटांत आम्हीं कालिदास शिकविला आहे. पुढें मडगार्ड काढून टाकला. कपड्यांवर नक्षी उठूं लागली, परंतु चाक फिरूं लागलें.

पुतण्याच्या सायकलला मडगार्ड नव्हता हें खरें. पण तिला माळ्यावरून खालीं काढून आम्हीं निरखून पाहिली, तेव्हां दिसलें कीं ४५ मिलिमीटरांचा तो टायर आणि मागच्या सांगाड्याच्या दोन नळ्या यांच्यामध्यें आमची करंगळी जाईना. म्हणजे सांगाडा हाच मडगार्ड झाला होता! शिवाय टायरावर लिहिलेला आंकडा आणि टायराची खरी रुंदी यांत फरक पडतो. रिम आंतून जितकी रुंद, तितका टायर फुगून बसतो. ४५ लिहिलेला टायर रुंद रिमवर ४६-४७ भरूं शकतो. आम्हीं कंपास-पेटींतील कर्कटक उघडून त्याचीं टोकें टायराला लावलीं व पट्टीवर मोजलीं; तों तो ४७ ला थोडा कमी भरला. दुकानांत विकत घेतांना हें कोणीं मोजलें नव्हतें.

येथें मातीविषयीं चार शब्द लिहिणें भाग आहे, कारण पुढील सारा हिशेब तिच्यावर अवलंबून आहे. अमरकोशाच्या वारिवर्गांत चिखलास निषद्वर, जंबाल, पंक, शाद आणि कर्दम अशीं पांच नांवें एका ओळींत दिलेलीं आहेत. विद्यार्थ्यांकडून तीं पाठ करून घेतांना आम्ही त्यांस पर्यायशब्द म्हणत आलों. परंतु पांदणींत उभें राहिलें म्हणजे चिखल एकाच जातीचा नसतो हें कळतें, आणि त्यांतील ‘निषद्वर’, म्हणजे ज्यांत माणूस बसतो, रुततो तो, हा शब्द कोणा तरी अनुभवी माणसानें दिला असावा असें वाटूं लागतें.

आमची काळी माती दख्खनच्या काळ्या दगडापासून, बेसाल्टापासून झालेली. सुमारे साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं जो लाव्हा पसरला, त्याच्या झिजेंतून ती तयार झाली. तिच्यांत चिकणमातीचा अंश फार मोठा, आणि त्या चिकणमातीचे कण पापुद्र्यापापुद्र्यांचे. पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं ती फुगते, सुकली कीं आकसते. म्हणून उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. १९११ सालीं अल्बर्ट अटरबर्ग या स्वीडनमधील शास्त्रज्ञानें अशा मातीच्या अवस्था पाण्याच्या प्रमाणावरून ठरवून दिल्या. पाणी थोडें असेल तर ती ढेकळासारखी फुटते. अधिक झालें कीं कणकेसारखी मळतां येते. आणखी अधिक झालें कीं पातळ होऊन वाहते. चाकाचा वैरी तो मधला, कणकेचा प्रकार. आमच्या शेतकऱ्यास हें अटरबर्गापूर्वींच ठाऊक होतें. जमिनींत वाफसा आल्याशिवाय तो वखर घालीत नाहीं. ओल असून माती पाशीला चिकटत नाहीं, ती वेळ म्हणजे वाफसा. सायकलस्वारानेंही तोच शब्द शिकावा.

यांतून एक विलक्षण गोष्ट निघते. पाऊस धो धो पडत असतांना पांदण त्या मानानें बरी असते. चिखल पातळ असतो, टायरास लागतो आणि गळून जातो. खरी कठीण वेळ पाऊस थांबल्यावर, ऊन पडून माती अर्धवट सुकूं लागली म्हणजे येते. त्या वेळीं ती टायर सोडीत नाहीं, वर गवत, पऱ्हाट्यांचे तुकडे व बारीक दगड गोळा करते, आणि त्याची वीट बनते. गेल्या वर्षींच्या शर्यतींत पहांटे पाऊस होऊन गेला होता आणि नऊ वाजतां लख्ख ऊन पडलें होतें.

असा प्रसंग आमच्याच मुलांवर येतो असें समजूं नये. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत एम्पोरिया येथें ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ ही दोनशें मैलांची शर्यत होते. २००६ साली ती सुरू झाली. ता. ३ जून २०२३ रोजीं तेथें असेंच झालें. रात्रीं पाऊस पडला होता. सुमारे दहा-अकरा मैलांवर मातीचा रस्ता लागला आणि जगांतले नांवाजलेले स्वार सायकली खांद्यावर घेऊन चालूं लागले. त्या चिखलास तिकडे ‘शेंगदाण्याच्या लोण्याचा चिखल’ म्हणतात. उपमा कालिदासाची नसली तरी चपखल आहे. डिरेलर तुटून कित्येकांची शर्यत तेथेंच संपली. मुरलेले स्थानिक स्वार रंग ढवळण्याची लांकडी पट्टी खिशांत बाळगतात आणि तिनें चाकाभोंवतींची माती खरडतात. हें वाचून आम्हांस हंसूं आलें, कारण वखराच्या पाशीची माती खरडावयास आमचा शेतकरीही काडीच वापरतो. त्या दिवशीं पुरुषांत कीगन स्वेन्सन यांनीं सुमारे दहा तासांत शर्यत जिंकली आणि स्त्रियांत जर्मनीच्या कॅरोलिन शिफ यांनीं. दोघांनाही चिखल चुकला नव्हता.

आतां टायर. ज्या १८८८ सालीं बेलफास्टच्या पशुवैद्य डनलॉप यांनीं हवेच्या टायराचा हक्क नोंदविला, त्याच सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्यानें बेळगांवांत सायकलींचें दुकान थाटलें. म्हणजे मराठी माणसाचा सायकलशीं संबंध हवेच्या टायराइतकाच जुना आहे. तरीही टायराच्या अंगावरील आंकडे आम्हीं या वर्षींच प्रथम वाचले. तेथें ‘४०-६२२’ असें लिहिलेलें असतें. पहिला आंकडा रुंदीचा. दुसरा, टायर रिमच्या ज्या कडेवर बसतो तिच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरांत. ग्रॅव्हल सायकलींचीं बहुतेक चाकें ६२२ चीं. आमच्या जुन्या काळ्या सायकलीचें अठ्ठावीस इंची चाक ६३५ चें. दोन्हींस बोलतांना ‘अठ्ठावीसचा टायर’ म्हणतात; त्यामुळें गांवांतील दुकानांतून आणलेला टायर या सायकलवर ढिला पडतो. ऐन वेळीं टायर फाटला तर गांवांत मिळेल या भरंवशावर राहूं नये.

रुंदीचा प्रश्न सर्वांत मोठा, आणि येथेंच दुकानदाराचा सल्ला चुकला. वाळूंत रुंद टायर चांगला, कारण तो रुतत नाहीं. खडीवर चांगला, कारण हवा कमी ठेवून धक्के सोसतां येतात. चिकट चिखलांत मात्र रुंद टायर अधिक माती उचलतो आणि ती जावयास वाट ठेवीत नाहीं. युरोपांत शेतांतून व कुरणांतून चिखलाच्या शर्यती होतात, त्यांस सायक्लो-क्रॉस म्हणतात. तेथें टायर ३३ मिलिमीटरांहून रुंद असूं नये असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियमच आहे, आणि तरी ते लोक गुडघाभर चिखलांतून पार होतात. अरुंद टायर वरचा मऊ थर कापून खालच्या कठीण जमिनीस टेकतो. बैलबंडीचें चाक एवढें अरुंद कां, याचा विचार आम्हीं पूर्वीं केला नव्हता, आतां केला.

दुसरी गोष्ट दांत्यांची. टायरावरच्या रबरी उंचवट्यांस इंग्रजींत नॉब म्हणतात. आम्ही दांते म्हणूं. दाट व बुटके दांते कोरड्या खडीवर वेगानें पळतात, पण त्यांच्यामधील फटी चिखलानें एकदां भरल्या कीं टायर गुळगुळीत होतो, आणि मग चिखलावर चिखल घसरतो. दांते उंच व विरळ असावे, म्हणजे चाक फिरतांना मधली माती सुटून पडते. निर्मातेही हें जाणतात. व्हिटोरिया या इटलीच्या कंपनीनें आपल्या टेरेनो नांवाच्या टायरांत ड्राय, मिक्स आणि वेट असे भेद केले, ते मुख्यतः याच हिशेबानें. चॅलेंज नांवाच्या दुसऱ्या कंपनीनें तर चिखलाच्या टायरास ‘लिमस’ असें नांव दिलें. लॅटिनमध्यें त्याचा अर्थच चिखल. आमच्या कोणी कारखानदारानें उद्यां ‘कर्दम’ नांवाचा टायर काढला तर आम्हांस संतोषच होईल. पण उंच दांत्यांचा टायर डांबरावर जड चालतो, वळणावर दांते लवतात आणि स्वार बिचकतो. म्हणून वाटेचा किती भाग चिखलाचा आणि किती कठीण जमिनीचा, हें मोजल्याशिवाय टायर निवडूं नये. शंभर किलोमीटरांत आमच्या पांदणी मिळून नऊ किलोमीटर भरत होत्या. नऊ किलोमीटरांसाठीं एक्याण्णव किलोमीटर जड ओझें ओढावयाचें काय? पुतण्याचा हा प्रश्न रास्त होता, आणि आमच्याकडे त्याचें सरळ उत्तर नव्हतें. शेवटीं मधला मार्ग निघाला: मधल्या भागांत बेताचे दांते, कडेस उंच व विरळ, असा टायर; रुंदी ३८.

हवेसंबंधीं आमचें व त्याचें मतभेद झाले. आम्ही ‘टायर टणक’ या जुन्या पंथाचे. तो म्हणाला, “मोठे बाबा, टणक टायर चिखलावर नाचतो.” हें खरें निघालें. हवा थोडी कमी केली कीं टायर जमिनीवर पसरून धरतो. त्याचें वजन बासष्ट किलो. पुढें २८ पौंड आणि मागें ३० पौंड हवा त्यास मानवली. याहून फार खालीं गेलें तर दगडावर आपटून रिमला खोंच पडते. आंत ट्यूब असेल तर ती रिम व दगड यांत चिमटून तिला सर्पदंशासारखीं दोन भोकें पडतात. हल्लीं ट्यूबशिवायचे टायर निघाले आहेत. त्यांत रबराच्या चिकाचें द्रव्य ओततात, आणि बारीक भोंक आपोआप बुजतें. बाभळीच्या कांट्यांच्या आमच्या प्रदेशांत ही सोय मोलाची आहे. एका टायरास साडेचार हजार रुपये पडले. दोन टायरांचा आंकडा ऐकून आमच्या मातोश्री म्हणाल्या, “एवढ्यांत बैलाची झूल येते.” हिशेब आम्हीं पडताळला नाहीं.

आषाढांत एके दुपारीं, पाऊस थांबून दोन तास झाले असतां, आम्ही सर्व पांदणीवर गेलों. वेळ आम्हींच मुद्दाम ती निवडली होती. सोबत बंधू, पुतण्याची आई, आमचें कुटुंब आणि शाळेचीं चार-सहा पोरें. प्रथम जुना ४५ चा टायर लावला. आम्ही पावलें मोजीत मागून चाललों. बेचाळीस पावलांवर मागचें चाक थांबलें. माती प्रथम टायराच्या वरच्या बाजूस न अडतां पॅडलांच्या मागें, जेथें दोन नळ्या जवळ येतात तेथें अडते, हें त्या दिवशीं सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें. पुतण्याची आई वांकून पाहत होती. ती म्हणाली, “इथेंच का?” तो म्हणाला, “इथेंच.” मग चाकें धुवून नवे टायर बसविले, आणि शेजारच्याच ताज्या चाकोरींतून पुन्हां सुरुवात केली. आतां नळी आणि टायर यांमध्यें करंगळी सहज जात होती. शंभर पावलें झालीं, दीडशें झालीं. चाक जड झालें पण फिरत राहिलें. दोनशें दहाव्या पावलास तेंही थांबलें.

येथें आमचा थोडा हिरमोड झाला, हें कबूल केलें पाहिजे. टायर योग्य निवडला कीं पांदण पार होईल अशी आमची समजूत होती. ती चार-साडेचारशें पावलांची पांदण होती. पोरें हंसलीं. बंधू कांहींच बोलले नाहींत, आणि त्यांचें न बोलणें आम्हांस फार ऐकूं आलें. अट आम्हींच घातली होती.

तोंच पुतण्या उतरला. त्यानें पाठीमागच्या खिशांतून एक लांकडी पट्टी काढली, नळ्यांमधली माती दोन फटकाऱ्यांत पाडली, सायकल खांद्यावर घेतली, कडेच्या गवतावरून धांवत उरलेली पांदण ओलांडली, आणि पलीकडे मुरमावर जाऊन पुन्हां स्वार झाला. चाक चालूं होतें, डिरेलर शाबूत होता. पुतण्याची आई आमच्याकडे वळून म्हणाली, आणि हें तिचें आमच्याशीं थेट बोलणें बहुधा चवथें-पांचवेंच असेल, “चाक थांबायच्या आधीं उतरला, तर हाड मोडत नाहीं.” गेल्या वर्षीं तो चाक थांबल्यावरही पॅडल दाबीत राहिला होता. टायरानें त्यास बेचाळिसांऐवजीं दोनशें पावलें दिलीं. उरलेलीं त्यानें स्वतः चालावयाचीं होतीं. बंधूंनीं परवानगी दिली. सायकल पार झाली कीं स्वार पार झाला, हा वाद त्यांनीं घातला नाहीं, हा त्यांचा मोठेपणा.

शर्यतीच्या आदल्या दिवशीं आम्हीं त्यास आणखी एकच काम सांगितलें: चारही पांदणी पायीं पाहून ये, आणि तेथल्या शेतकऱ्यास विचार कीं वाफसा केव्हां येईल. तो गेला. तिसऱ्या पांदणीच्या शेतकऱ्यानें सांगितलें कीं उजव्या धुऱ्याकडून जा, तिकडे हराळी आहे, माती धरीत नाहीं. असली माहिती कोणत्याही टायराबरोबर मिळत नाहीं.

शर्यतीच्या दिवशीं पाऊस मध्यम होता. पहिली व चवथी पांदण पातळ होती. तीं त्यानें बसूनच पार केली. दुसरींत, गेल्या वर्षींच्या जागेवर, तो पाऊणशें पावलें आधींच उतरला. तेथें त्याच्याहून बलवान, त्याच्याहून महागड्या सायकलींवरचे तीन स्वार चाकें मोकळीं करीत बसलेले होते. एकाचा डिरेलर गेला होता. पुतण्यानें थांबून त्यास आपली पट्टी दिली, हें त्याच्या आईस पहिल्या क्रमांकापेक्षां अधिक आवडलें. तो बावन्न स्वारांत चौदावा आला. डांबरी भागांत मात्र मागें पडला. तेथें गुळगुळीत टायरवाले त्याच्यापुढें सहज निघून गेले, आणि याचा त्यास राग होता.

रात्रीं विहिरीवर सायकल धूत असतां तो म्हणाला, “मोठे बाबा, पुढच्या वर्षीं ३५ चा घालूं. मधले दांते आणखी बुटके.”

आम्हीं त्यास सांगितलें कीं, घाई करूं नकोस. दुसऱ्या पांदणीवर मुरूम टाकण्याचें पंचायतींत चाललें आहे असें ऐकतों. मुरूम पडला तर खालची जमीन कठीण होईल, चिखल पातळ राहील, आणि हा सारा हिशेब आपल्याला पहिल्यापासून मांडावा लागेल. त्यानें पाण्याचा पोहरा ठेवला आणि विचारलें, “कधीं पडणार आहे?” पंचायतीचा कारभार पाहतां आम्हांस तारीख सांगतां आली नाहीं.